मुक्या वाटेपर्यंत

आमच्या गावाच्या शिवेवर एक शेंदूर फासलेला दगड आहे. त्या दगडापाशी आईने गाडी थांबवायला लावली, खाली उतरून नारळ फोडला आणि जे काही बोलायचं होतं ते सगळं तिथेच उरकून घेतलं.

"सूनबाईले सांगजो, म्हशीले सरकीची ढेप भिजवून देजो म्हणा. कोरडी नको. अन् तू गाडी हयू चालवजो. अन् काहीही झालं तरी मले बोलतं करू नको."

मग पदराच्या गाठीतली अख्खी सुपारी काढून तिने कपाळाला लावली आणि गालात धरली. त्यानंतर ती मुकी झाली. माझी आई जन्मात कधी घोटभर पाणीसुद्धा न बोलता प्यायली नसेल. तिला तसं गाल फुगवून गप्प बसलेलं पाहिलं आणि मला आधी हसू आलं, मग धसका बसला.

घाटाखाली, पूर्णा नदीच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी एक पायवाट सुरू होते. ती डोंगरामागून डोंगर ओलांडत पार पलीकडच्या मुलखातल्या महादेवाला जाते. नवस बोललेली माणसं माघात त्या वाटेला लागतात आणि मुक्काम करत करत शिवरात्रीला पोचतात. आपल्या गावची शीव सोडली की तोंडात सुपारी धरायची आणि महादेवापुढे उभं राहीपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. जेवताना सुपारी काढून पदराला बांधली तर चालते, पण शब्द निघाला की सुपारी बाटली. मग परत आपल्या शिवेवर जायचं आणि नवी सुपारी धरायची. जत्था मात्र वर्षातून एकदाच निघतो आणि कुणासाठी थांबत नाही. म्हणजे तोंड उघडलं की गोष्ट पुढच्या वर्षावर गेली. आमच्याकडे या वाटेला मुकी वाट म्हणतात. खुणा करायला कुणाची मनाई नाही. पण आईचं म्हणणं असं, की मुकं म्हणजे मुकं. हातवारे करायचे तर मग तोंडाने काय घोडं मारलंय?

नवस माझ्या डोळ्यांचा होता.

माझा जानेफळला फोटोचा स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, पासपोर्टचे फोटो. शेती वडिलांच्या मागे माझ्याकडे आली, म्हणून करतो. कापसाचं बीटी बियाणं आलं तेव्हा लोक म्हणाले, आता बोंडअळीचं नाव नको. पहिली काही वर्षं खरंच नव्हतं. फवारणीचे पंप माळ्यावर गेले, आणि आम्ही सगळे आपल्याला फार अक्कल आली अशा थाटात पारावर बसू लागलो. मग गुलाबी अळी आली. बोंड बाहेरून ठणठणीत, फोडून पाहावं तर आत ती बसलेली. पंप परत खाली आले. त्या वर्षी कपाशीची पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती आणि फवारणीला मजूर यायला तयार नव्हता. मीच पाठीवर पंप घेतला. तोंडाला गमछा बांधला, त्याला मी संरक्षण समजत होतो. वरून पडणारं सगळं माझ्याच अंगावर पडत होतं. संध्याकाळी उलट्या झाल्या. दिव्याभोवती पांढरं दिसू लागलं आणि मग सगळंच पांढरं झालं.

दवाखान्यात मी पडलो होतो आणि आई उशाशी होती. मला ती दिसत नव्हती, नुसती ऐकू येत होती. ती सारखी बोलत होती, डॉक्टरशी, नर्सशी, शेजारच्या खाटेवरच्या माणसाशी. एकदाच मध्ये बराच वेळ गप्प झाली, तेव्हा मी घाबरून हाक मारली. "हावो, इथीच हाये," म्हणाली. नवस तिने त्या वेळी बोलला, हे मला नंतर कळलं.

डोळे परत आले. भर उन्हात अजून पाणी येतं, पण फोकस लागतो आणि धंदा चालतो. आईचे गुडघे मात्र गेलेले, आणि तिच्या स्वतःच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. चार हातांवरचा माणूस ती आवाजावरून ओळखते. ऑपरेशन करू म्हटलं तर "आधी वाट करून येतो, मंग पाहू" हे तिचं उत्तर. बायकोने समजावलं, मी समजावलं. ओरडलोही. म्हटलं, "माय, डोये डॉक्टरनं वाचवले."

"डॉक्टरचं डॉक्टरले देलं," ती म्हणाली. "देवाचं देवाले द्या लागंन."

"मंग मी जातो तुह्या जागी."

"ज्याच्यासाठी बोलला तो नाही जात. त्यानं फक्त वाटेपरेंत सोडून द्या लागते."

शेवटी मी सोडून द्यायला निघालो. मनातून मला ती वाट नको होती. त्या गुडघ्यांवर आई डोंगर चढणार, नाल्यात उतरणार, आणि पाय मुरगळला तर "मेले गं" सुद्धा म्हणणार नाही, या विचाराने मला रात्र रात्र झोप नव्हती. पण आमच्या घरात आईपुढे कुणाचं चाललं आहे? ऊन माथ्यावर यायच्या आत जत्था वाटेला लागतो, एवढं तिने बजावून ठेवलं होतं. म्हणून दिवस उगवायला आम्ही शिवेबाहेर पडलो.

गाडी माझी साधी, लहान, जुनी. लग्नाला कॅमेरे आणि दिवे न्यायला घेतलेली. मागच्या सीटवर छत्र्या, स्टँड आणि एक प्लास्टिकच्या गुलाबांची कमान कायमची पडलेली असते. त्या कमानीत आईची वळकटी आणि भाकरीचं गाठोडं खोचलं होतं. घाट उतरेपर्यंत रस्ता माझा ओळखीचा होता. खामगावच्या पुढे मी फोनमधला नकाशा लावला आणि त्यातली बाई बोलू लागली. गाडीत दोन बाया होत्या, एक बोलत नव्हती आणि दुसरी थांबत नव्हती.

आई त्या वाटेला एकदाच गेली होती, लहानपणी, तिच्या आईबरोबर, कापसाच्या ट्रकच्या टपावर बसून. गावाचं नाव तिला ठाऊक होतं. रस्ता कसा होता म्हणाल, तर वाटेत एक मोठी चिंच आहे आणि चिंचेनंतर मारुतीचं ठाणं आहे, एवढंच तिने आदल्या दिवशी सांगितलं होतं. म्हटलं, चिंचा तर गावोगाव आहेत. तर म्हणे, ते चिंच पाह्यली की तुले समजते.

घाटाखालची ती सगळी काळी सपाटी त्या वर्षी पाहवत नव्हती. माघ म्हणजे शेवटच्या वेचणीचे दिवस, वावरात पांढरं दिसायला पाहिजे. पण अर्ध्याअधिक वावरांतून लोकांनी उभी पऱ्हाटी उपटून बांधावर ढीग लावले होते. कुठे त्यात ढोरं सोडली होती. आईला एवढ्या लांबचं दिसत नव्हतं, आणि सवयीने मी तिला सांगू लागलो, "हे बी उपटलं माय. याच्यात म्हशी चरून राह्यल्या." ती मान हलवायची नाही, काही नाही. मग मलाच वाटलं की मी भिंतीशी बोलतोय, आणि मीही गप्प झालो. फोनमधल्या बाईचं तेवढं चालू होतं.

पूर्णा ओलांडली आणि समोर सातपुडा दिसू लागला. आदल्या रात्री तिकडे अवकाळी पडला होता. रस्त्याच्या कडेला पाणी साचलं होतं आणि हवा धुतलेली होती. डोंगर इतका जवळ वाटत होता, की मला वाटलं, आता पोचलोच. तिथेच डांबरी रस्ता संपला. पुलासाठी रस्ता आडवा खोदून ठेवला होता. काम करणारं कुणी नव्हतं, कडेला नुसते पाइप पडलेले होते. फोनमधल्या बाईने जराही विचार न करता मला डावीकडच्या पांदणीत, वावरांमधल्या कच्च्या वाटेत, वळायला सांगितलं. मी आईकडे पाहिलं. आई समोर पाहत होती. मी म्हटलं, "वळू का?" आणि मग माझीच मला लाज वाटली, कारण बोलतं करू नको असं तिने शिवेवरच बजावलं होतं. मी वळलो. थोडं पुढे गेल्यावर फोनची रेंज गेली आणि त्या बाईनेही मौन धरलं.

काळ्या मातीचं ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको. वरून कोरडी पपडी, खाली लोणी. आधी स्टेअरिंग हलकं झालं, मग गाडी वाकडी चालायला लागली, आणि मग मी कितीही दाबलं तरी चाक जागेवर फिरून आवाज करू लागलं. उतरलो तर चप्पल चिखलातच राहिली. चारही चाकांना माती इतकी चिकटली होती, की चाक कुठे संपतं आणि वावर कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. एका काडीने मी माती खरवडू लागलो. जेवढी काढावी तेवढी माझ्या हाताला चिकटत होती. मागे जाता येईना, पुढे जाता येईना. ऊन चढत होतं. काही वेळाने मी काडी फेकून दिली आणि बांधावर बसलो.

आई आत बसून होती. काचेतून तिचा फुगलेला गाल दिसत होता. तिच्या ओठांची हालचाल चालली होती, बहुतेक महादेवाचा धावा. आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. मी काही केलं नव्हतं. पाऊस पडला, रस्ता खोदलेला, गाडी फसली, यात माझा काय दोष? जत्था निघून जाईल, आई घरी येईल, तिचे गुडघे शाबूत राहतील. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. असा मी बांधावर बसून मनातल्या मनात सुटकेचा श्वास टाकत होतो, तेवढ्यात आई दार उघडून उतरली. वळकटी डोक्यावर घेतली आणि डोंगराच्या दिशेने चिखलातून चालू लागली. दोन पावलांत तिचा पाय फसला. तो काढायला दुसऱ्या पायावर जोर दिला तर तोही फसला. ती पडली नाही. तशीच उभी राहिली, वळकटी सावरत, पुढे नाही आणि मागे नाही. मी धावत जाऊन तिला धरलं तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंड घट्ट मिटलेलं होतं. मला कुणीतरी कानाखाली मारल्यासारखं झालं. मी तिला बांधावर आणून बसवलं आणि मदतीला कुणी दिसतं का ते पाहू लागलो.

लगतच्याच वावरात एक म्हातारा आणि त्याची सून पऱ्हाटी उपटत होते. म्हातारा जाळीची टोपी घातलेला, लुंगी वर खोचलेली. मी हाक मारायच्या आधीच ते दोघं येत होते.

"भाऊ, हे गाडीचं काम नोहे," म्हातारा म्हणाला. "या पांदणीत बैल बी पाय पाहून टाकते."

"रस्ता खोदेल हाये ना चाचा तिकडं."

"तो तं दिवायीपासून खोदेल हाये. कोन्या गावचे?"

मी गाव सांगितलं. "घाटावरचे," तो सुनेला म्हणाला, म्हणजे सगळा खुलासा झाला. मग त्याची नजर आईकडे गेली, तिच्या गालाकडे. त्याने आवाज खाली आणला. "माय मुक्या वाटेले चालली का?"

"हाव."

"मंग अशी बसून काऊन राह्यली? टाइम होऊन राह्यला ना." आणि तो सुनेला म्हणाला, "बेटी, पऱ्हाटी आण."

बांधावरचा ढीग त्यांचाच होता. सून कवेत मावतील तेवढ्या पऱ्हाट्या आणून चाकांपुढे टाकू लागली आणि मी त्या पसरू लागलो. त्यांना बोंडं तशीच होती, अर्धवट उघडलेली, आत पिवळा पडलेला कापूस आणि अळीची विष्ठा. आमच्या वावरातही हेच उपटून ठेवलेलं होतं. एक वर्षभर माणूस ज्याच्या मागे राबतो ते चाकाखाली घालताना माझा हात जरा अडखळला. म्हाताऱ्याने ते पाहिलं असावं.

"टाका, टाका," तो म्हणाला. "औंदा या पऱ्हाटीनं कोनाचं तं काम केलं."

तो ट्रॅक्टर चालवणारा माणूस. त्याने स्टेअरिंग मागितलं, मी दिलं. सून मागून लोटू लागली आणि मी पुढच्या चाकामागे वाकून पऱ्हाट्या आत सारू लागलो. आई बांधावर उभी होती. म्हाताऱ्याने हळूच दाबलं, बोंडं चरचरली, गाडी वीतभर सरकली. "अजून घाला," तो ओरडला. मी घातल्या. त्याने जोरात दाबलं, चाक गरकन फिरलं, गाडी उसळून पुढच्या कडक जमिनीवर चढली, आणि चिखलाचा आणि काटक्यांचा एक फवारा सरळ माझ्या तोंडावर आला.

दोन्ही डोळे भरले. दवाखान्यात सगळं पांढरं होतं आणि इथे काळं, एवढाच फरक. मी डोळ्यांवर हात दाबून चिखलात गुडघ्यांवर बसलो. मला ओरडायलाही सुचलं नाही. ओरडली ती आई.

"डोये! माह्या लेकाचे डोये गेले वो!"

ती बांधावरून कशी उतरली, त्या गुडघ्यांनी तो चिखल कसा पार केला, मला माहीत नाही. तिचे हात माझ्या चेहऱ्यावर होते. ती पदराने पुसत होती, कुणाला तरी पाणी आणा म्हणत होती, म्हाताऱ्याला बोल लावत होती, मला बोल लावत होती. पाण्याची कॅन आली. ती माझे डोळे धुवत होती आणि बोलत होती.

"उघड बाप्पा. उघड. नको चोयू. मले पाह्य. दिसते का? किती बोटं हायेत? सांग ना, किती बोटं?"

"तीन," मी म्हटलं. खरंच तीन होती.

"हं," ती म्हणाली, आणि तिचा हात तसाच हवेत राहिला.

गाडीचं इंजिन चालू होतं. म्हाताऱ्याने ते बंद केलं, खाली उतरला आणि डोंगराकडे तोंड करून उभा राहिला.

"हवा लय हाये आज," तो म्हणाला. "मले काही ऐकू आलं नाही."

पान हलत नव्हतं. सून माझ्याकडे पाहून म्हणाली, "मले बी नाही."

आई खाली वाकली. चिखलात बोटांनी चाचपत राहिली. तिला दिसत नव्हतं. सुपारी मला दिसली, चाकाच्या खुणेत रुतलेली. मी ती काढून दिली. तिने ती पदराला पुसली, गालात धरली नाही, पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली आणि जाऊन गाडीत बसली. तोंड पुन्हा मिटलेलं. मी विचारलं, "काय करू माय? घरी घेऊ?" ती समोर पाहत राहिली. म्हाताऱ्याने वर पाहून उन्हाचा अंदाज घेतला आणि म्हणाला, "निघा. पोचता अजून. त्या चिंचेपासून उजवीकडं."

चिंच आली. पाहताक्षणी समजली, आई म्हणाली होती तशी. अर्ध्या रस्त्यावर सावली टाकून बसलेली एवढी मोठी चिंच मी पुन्हा कुठे पाहिलेली नाही. पुढे मारुतीचं ठाणं, आणि ठाण्यामागून ती वाट. मी काहीतरी कमान असेल, पाटी असेल, असं मनात धरलं होतं. वावर संपत होतं, दगड सुरू होत होते, आणि दगडांमधून एक माणूस जाईल एवढी पट्टी वर चढत होती. गाडीचा रस्ता तिथे संपला होता.

जत्था निघायच्या तयारीत होता. बायाच जास्त, काही पुरुष, सगळ्यांच्या पाठीला वळकट्या, सगळ्यांचे गाल फुगलेले. एवढी माणसं एका जागी आणि एक आवाज नाही. बोलणारी एकच बाई होती. ती म्होरकी, पायथ्याच्या गावची, आईच्याच वयाची, काठी धरून उभी. तिला बोलायची मोकळीक असते. आईला पाहून ती पुढे आली. जो येतो त्याला ती काही विचारत नाही, कारण तो सांगू शकत नाही. ती आणणाऱ्याला विचारते, आणि आणणारा सांगेल ते खरं धरते. ही रीत आईने मला सांगितली नव्हती.

"तू लेक का?" तिने विचारलं.

"हाव."

"शिवेपासून इथलोक, तोंड उघडलं का मायनं?"

सकाळपासून मला जे पाहिजे होतं ते मिळवायला एवढं पुरे होतं, की मी खरं बोलावं. हाव, उघडलं. आई घरी आली असती, दोष कुणाचाच नसता, आणि मी खरं बोललो म्हणून मला पुण्यही लागलं असतं. मी आईकडे पाहिलं. तिने चपला काढून गाडीत ठेवल्या होत्या. अनवाणी, चिखलाने भरलेल्या पायांनी ती त्या पट्टीकडे तोंड करून उभी होती. वळकटी तिने पाठीला बांधलीसुद्धा होती, कधी बांधली मला कळलं नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. "एक शब्द नाही बोलली."

म्होरकीने मान डोलावली आणि काठीने वाट दाखवली. आई जागची हलली नाही. तिने पदराचं टोक पुढे घेतलं, गाठ सोडली, आणि ती मळकी सुपारी म्होरकीच्या तळहातावर ठेवली.

"पडली बाई," ती म्हणाली. "पोराच्या डोयात चिखल गेला होता."

म्होरकी सुपारीकडे पाहत राहिली. तिचं तोंड उतरलं. तिला आईला घ्यायचं होतं, हे मला स्पष्ट दिसलं. माझं मन झालं तिचे पाय धरावेत, म्हणावं, हिचे गुडघे पुढच्या वर्षी हिला इथवरही आणणार नाहीत. पण उपयोग काय? नियम तिचा नव्हता आणि माझाही नव्हता, आणि ज्याचा होता तो डोंगरापलीकडे.

"डोये बरे हायेत ना त्याचे?" म्होरकीने विचारलं.

"हाव. बरे हायेत."

"मंग पुढच्या साली ये बाई." तिने सुपारी मारुतीपुढे ठेवली, आणि जत्था निघाला.

गाडीत बसताच मी बोललो, न राहवून, जरा रागानेच. "काऊन सांगतलं तू? मी तं नाही म्हटलं होतं ना."

"तुह्या डोयासाठी चालली होती मी," आई म्हणाली. "खोटं घेऊन कशी जाऊ? महादेवाले कमी दिसते का?" मग म्हणाली, "साल निघून जाईन. तोवर जप बाप्पा. पंप नको घेऊ पाठीवर."

पेरणी पुन्हा येणारच होती, आणि दुकानात बियाण्याची तीच पाकिटं. मी किल्ली लावली. आईने माझ्या हातावर हात ठेवला.

"थांब. दिसते का ते लोकं?"

"दिसतात."

"कुठलोक गेले?"

ती पुन्हा उतरली, तशीच अनवाणी, म्हणून मीही उतरलो. तिने माझा दंड धरला आणि डोंगराकडे तोंड केलं. तिच्या लेखी तिथे नुसता करडा डाग असणार.

"म्होरकी सालईच्या झाडापाशी पोचली," मी सांगितलं. "मागं दोघी हायेत, एक लाल पातळाची. आता दगडावरून चढून राह्यल्या. एकीनं हात देला."

"पानी हाये का तिथी?"

"नाला हाये. ओलांडून राह्यले."

"हं. मंग?"

सगळ्यात शेवटचा माणूस डोंगराच्या वळणावर गेला आणि दिसेनासा झाला. समोर उन्हात नुसते दगड राहिले. माझ्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं, भर उन्हात येतं तसं.

"मंग?" आई म्हणाली.

"मंग खिंड हाये," मी म्हटलं. "खिंडीतून वर चालले. सावली हाये तिथी."

हे खोटं तिने चालू दिलं. मला दिसत नव्हतं तेही मी पुढे सांगत गेलो, आणि आई माझ्या दंडाला धरून एका जागी उभी राहून ऐकत राहिली.